पोलिसांना युनियन नाही, मग मागण्या मांडायच्या कुणी?

खाकीची_ताई
नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ पोलीस शिपाई आहे, तिसरं वर्ष चालू. शहर सांगत नाही, उगाच त्याच्यावर यायला नको. गणपतीत दहा दिवस आम्ही त्याचं तोंड पाहिलं नाही, सकाळी सातला गेला की रात्री बारा-एक, परत सातला हजेरी, आणि नंतर एकदाची वीकली ऑफ लागली म्हणून आईने पुरण घातलं तर अकराला फोन, बंदोबस्त आलाय, ये. माझा नवरा एसटीत आहे, त्यांच्यात निदान युनियनवाले जाऊन भांडतात तरी. पोलिसांचं असं कोणीच कसं नाही? भावाला विचारलं तर म्हणतो ताई गप बस, नोकरी घालवशील.

कोर्टाची_पायरी
भाऊ बरोबर बोलतोय. १९६६ चा कायदा आहे, सरकारच्या परवानगीशिवाय पोलिसाला युनियनमध्ये जाता येत नाही, गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घटनेच्या कलम ३३ मुळे संसदेला असा कायदा करता येतो. पण "परवानगीशिवाय" हा शब्द बघा. केरळात परवानगी आहे, शिपाई-हवालदारांची वेगळी आणि वरच्यांची वेगळी अशा संघटना आहेत, निवडणुका वगैरे सगळं होतं. अर्थात दिलेली मान्यता सरकार काढूनही घेतं. दिल्ली पोलिसांच्या कर्मचारी संघाची काढली होती, ते सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८६ ला हरले.

जुना_लाठीवाला
अहो ताई, आपल्याकडेही होती की संघटना! मी तेव्हा नवीन भरती, मुंबईत पोलीस लाईनीत राहायचो. ८२ साल, गिरणी संप चालूच होता. १५ ऑगस्टला पोरांनी काळ्या फिती लावल्या आणि १८ ला सरकारने पुढाऱ्यांना उचललं, मग जे पेटलं ते विचारू नका, पोलीसच रस्त्यावर, लष्कर बोलवावं लागलं, कर्फ्यू. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. संघटना गेली, कित्येकांची नोकरी गेली. घर, ड्युटीचे तास, साहेबाच्या बंगल्यावरची कामं, लाईनीत तेव्हा हेच बोलायचो, आज पुतण्या खात्यात आहे तो पण हेच बोलतो (बंगल्याचं जरा कमी झालंय म्हणतो).

लीड्सवाला
इकडे इंग्लंडमध्ये पण पोलिसांना संप करता येत नाही बरं का. १९१८ आणि १९१९ ला केला होता, १९१९ वाले सगळे घरी बसवले, युनियनवर बंदी घातली आणि त्याच कायद्याने पोलीस फेडरेशन म्हणजे पोलिसांची कायदेशीर संघटना काढून दिली, पगारही चांगला वाढवला. म्हणजे संपाचा हक्क घेतला पण बोलायला टेबल दिलं. शेजारी एक कॉन्स्टेबल राहतो, त्याच्या सुट्टीचे नियम लेखी आहेत, ऐनवेळी सुट्टी रद्द केली तर जादा पैसे मोजावे लागतात, त्यामुळे साहेब पण दोनदा विचार करतो. सगळं गोड नाही हां, पगाराच्या शिफारशी एक वेगळं मंडळ करतं आणि शेवटचा शब्द सरकारचाच, २०२१ ला पगार गोठवल्यावर फेडरेशनने गृहमंत्र्यांवर विश्वासच नाही म्हणून जाहीर केलं आणि त्या मंडळातून अंग काढून घेतलं होतं.

तिसरी_पाळी
टेबल नाही म्हणून काहीच होत नाही असं पण नाही. देवनार पोलीस ठाण्यात मे २०१६ ला आठ तासांची ड्युटी चालू झाली ती मोर्चा काढून नाही. एका शिपायानेच माणसं किती, पाळ्या कशा लावायच्या याचा हिशोब कागदावर मांडला, आयुक्त दत्ता पडसलगीकर होते, त्यांनी करून बघा म्हटलं. आहे त्याच माणसांत जमलं, मग मुंबईत इतर ठाण्यांत पण नेलं. पण हे साहेबाच्या मर्जीवर चालतं, साहेब बदलला, माणसं कमी पडली, कोरोना आला की परत बारा तास. संघटना असती तर निदान विचारलं असतं कुणीतरी, का बंद केलं म्हणून.

खाकीची_ताई
हे देवनारचं माहीतच नव्हतं मला. मग आम्ही घरच्यांनी गेलं तर? लाईनीतल्या बायका तयार आहेत, मोर्चा काढू म्हणतायत.

जुना_लाठीवाला
बायकांना हा ६६ चा कायदा लागत नाही हे खरं, पण ऑक्टोबर २०२४ ला तेलंगणात स्पेशल पोलिसांच्या (राज्याचं सशस्त्र दल) घरचे आणि पाठोपाठ जवान पण रस्त्यावर आले, तर ३९ जण सस्पेंड आणि १० जण बडतर्फ झाले. मोर्चा नको. निवेदन घेऊन चार-पाच जणी साहेबांना भेटा, दहा मागण्या लिहू नका, एकच लिहा, रद्द झालेली सुट्टी किती दिवसांत परत मिळणार. त्याला नाही म्हणायला साहेबालाही जड जातं. पोच घ्यायला विसरू नका, आणि तुमच्या आईचं नाव पहिलं नको, आधीच्या बॅचवाल्यांच्या घरचं टाका, भाऊ नवीन आहे अजून.

खाकीची_ताई
काका, पोच म्हणजे शिक्का मारून ना? नुसती सही चालेल का?

जुना_लाठीवाला
शिक्का. आणि तारीख.