डोंगरावरच्या गोल्फ कोर्सवर कोणता क्लब घ्यायचा?

बंकरवासी:
पुढच्या महिन्यात चार दिवस डोंगरातल्या एका रिसॉर्टला जातोय. कोर्स साधारण १५०० मीटर उंचीवर आहे. वय ५८, हँडिकॅप २२ (राउंडला ठरलेल्यापेक्षा साधारण तेवढे फटके जास्त लागतात), आणि आजवरचं सगळं गोल्फ सपाटीवरचं. माझा सात नंबरचा आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी) १४० यार्ड जातो (माझ्या खेळात खात्रीची एवढीच गोष्ट). तिथे विरळ हवेत चेंडू लांब जातो म्हणे. किती? तीन राउंड ठरवलेत, पहिला पोचल्या दिवशीच दुपारी. बायको खेळत नाही, पण सोबत चालणार आहे. मी विसरलो तर "एक क्लब कमी" (म्हणजे एक पायरी कमी पल्ल्याचा घे) अशी आठवण करायची, हे तिला आत्ताच सांगून ठेवलंय.

उताराचापट:
आधी तो पोचल्या दिवशीचा राउंड रद्द करा. प्रवास करून आल्या आल्या चढउतारावर पाच तास चालाल तर दहाव्या होलनंतर क्लब काठीसारखा टेकत चालाल. शिवाय डोंगरात उन्हाने तापलेली हवा उतारांवरून वर चढते आणि दुपारी बघता बघता गडगडायला लागतं. सायरन एकदा लांबलचक वाजला की लगेच खेळ थांबवून आत यायचं. "एवढा पट (होलजवळचा हलका फटका) टाकून येतो" नाही.

आता अंतर. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण १४ टक्के कमी असते, पण चेंडू काही १४ टक्के लांब जात नाही. कारण उलट्या फिरकीमुळे चेंडू हवेत उचलला जातो, ती उचलही विरळ हवेत कमी पडते. हाती लागतात पाच-सहा टक्के. म्हणजे तुमच्या १४० चे १४८, पूर्ण एक क्लबही नाही. वहिनींना तसं कळवा. सकाळी गारठ्यात चेंडू थंड असेल तर तेवढेही मिळणार नाहीत. चेंडू जरा चपटा जातो, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पडून जास्त घरंगळतो. स्लाइस (बाजूला वळत जाणारा फटका) मात्र थोडा कमी वळतो, तेवढंच सुख.

खरी फजिती ग्रीनवर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सहा फुटांचा पट चढाचा समजून जोरात मारला आणि तो ग्रीनबाहेर गेला. आजूबाजूचा सगळा डोंगरच कललेला असतो, त्यामुळे डोळ्यांचं 'सपाट' बिघडतं. डोंगर कुठल्या बाजूला आहे आणि पाणी कुठे वाहून जाईल, एवढंच बघा. डोळे आणि पाणी यांच्यात भांडण झालं तर पाण्याचं ऐका.

सातनंबरी:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण हवेपेक्षा उतार जास्त छळतो. टीपासून (पहिला फटका मारायच्या जागेपासून) ग्रीन खाली असेल तर दर तीन फुटांना साधारण एक यार्ड वजा करा. साठ फूट खाली म्हणजे वीस यार्ड, तुमच्या विरळ हवेच्या दुपटीहून जास्त! चेंडू पायांपेक्षा वर असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावीकडे जातो, खाली असेल तर उजवीकडे. रेंजफाइंडर उतार धरून अंतर सांगत असेल तर मजेच्या राउंडला खुशाल वापरा, स्पर्धेत ती सोय बंद ठेवावी लागते.

झुडपातूनहाक:
चेंडू डझनभर जास्त न्या. दरीत गेलेला शोधायला उतरू नका. मी उतरलो होतो. चेंडू मिळाला, गुडघा अजून मिळालेला नाही.

बंकरवासी:
सगळ्यांचे आभार. दुपारचा राउंड रद्द केला, त्या वेळात फक्त पटिंग ग्रीन. बायकोला "एक क्लब कमी नाही, अर्धा" असं सांगितलं. ती म्हणाली, अर्धा क्लब कुठल्या खिशात असतो?

@झुडपातूनहाक, कुठला गुडघा? माझा डावा आधीच कुरकुरतोय.

झुडपातूनहाक:
डावाच. बग्गी घ्या.