पुढच्या दाराच्या पायऱ्या खचल्या आहेत, मदत हवी आहे

ओसरी: पुढच्या दाराच्या पायऱ्या खचून जोत्यापासून सुटल्यात. फट सिमेंटने भरली, पुन्हा उघडली. वरून कोबा घातला तर चालेल का? घरात वयस्कर माणसं आहेत, लवकर सांगा.

थापी_ओळंबा: पायऱ्या कसल्या? विटांच्या, दगडी की काँक्रीटच्या? फट किती? कलल्यात कुठे, पुढे की घराकडे? फोटो टाका.

ओसरी: काँक्रीट. फट बोटभर. फोटो चढत नाहीये. कोब्याचं सांगा ना.

थापी_ओळंबा: कोबा नको. खालची माती बसतेय आणि तुम्ही वरून वजन वाढवणार. शिवाय पायऱ्यांची उंची कमीजास्त झाली की उतरताना पाय चुकतो, वयस्करांना तेच सगळ्यात धोक्याचं. कलल्यात कुठे ते राहिलंच.

रानजाई: पाडायची गरज नाही! आमच्याकडे पायऱ्यांना बारीक भोकं पाडून खाली पॉलियुरेथेन फोम सोडला. तो फुगतो आणि पायऱ्या वर उचलतो. त्याच दिवशी ये-जा सुरू.

जुना_गवंडी: रानजाई, तुमच्या पायऱ्या एकसंध असतील. तडे गेले असतील तर एक तुकडा उचलतो, दुसरा तिथेच राहतो. आणि माती का बसली हे न बघता फोम कशाला? ओसरी, छताचं पाणी कुठे पडतं?

रानजाई: आमच्या अजून जागच्या हलल्या नाहीत, एवढंच सांगते.

ओसरी: पन्हळीचा पाइप पायऱ्यांच्या कडेलाच सुटतो. पण तो पहिल्यापासून तिथेच आहे. पायऱ्या पुढे कलल्यात. मधल्या पायरीला आडवा तडा आहे.

जुना_गवंडी: अहो, हे आधी सांगायचं! पाया खणून झाला की जोत्याकडेचा खड्डा मातीने भरतात, धुम्मस (माती चोपून घट्ट करणं) नीट करत नाहीत, आणि पायऱ्या नेमक्या त्या भरावावर बसतात. वर छताचं पाणी तिथेच मुरतंय. आधी पाइप लांब न्या. मग पायऱ्या काढा, घट्ट जमीन लागेपर्यंत खणा, मुरूम १५ सेंमीच्या थरांनी पाणी मारून चोपा, वर पीसीसी, म्हणजे बिनसळ्यांचं साधं काँक्रीट. जोत्यात भोकं पाडून सळ्या केमिकलने बसवा आणि नव्या पायऱ्या त्यात बांधून घ्या.

थापी_ओळंबा: सळ्यांना माझा विरोध आहे. भराव पुन्हा बसला तर सगळा भार त्या सळ्यांवर येतो आणि जोत्याची कड फुटते. मध्ये सांधा सोडून लवचिक सीलंट भरा. दरवेळी सिमेंट फुटतं ते याचमुळे, त्याला ताण सोसत नाही.

जुना_गवंडी: सांधा सोडला की पाणी पुन्हा आत. चोपण नीट केलं तर बसेल कशाला?

थापी_ओळंबा: नीट केलं तर. पहिल्या वेळी तरी कुठे केलं होतं?

चांदणवेल: नव्या पायऱ्यांना गुळगुळीत फरशी अजिबात लावू नका. खरखरीत घ्या, कडेला खाचा हव्यातच. पाऊस पडला की कळतं.

पायवाट: वयस्कर आहेत तर उताराचाही विचार करा. १ फूट उंचीला १२ फूट लांबी लागते, आणि कठडा.

ओसरी: उताराला जागा नाही. पाइप उद्याच वळवून घेतो. दाराच्या कोपऱ्यातून भिंतीलाही तडा गेलाय, तो पायऱ्यांमुळेच ना?

जुना_गवंडी: थांबा. पायऱ्या सुट्या असतील तर त्यांच्यामुळे भिंत तडकत नाही. तडा तिरका आहे का? वाढतोय का? दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. त्यापुढे गेला तर पायऱ्यांना हात लावायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला पाया दाखवा.

ओसरी: तिरकाच आहे.