रक्त गोठणे, साकळणे, थांबणे: अर्थ आणि वापर

विचारणा

एका रुग्णालयासाठी रक्ततपासण्यांची माहिती देणारी मराठी पत्रिका तयार करत आहे. शस्त्रक्रियेपूर्वी ‘बीटी’ (ब्लीडिंग टाइम) आणि ‘सीटी’ (क्लॉटिंग टाइम) ही जोडी हमखास लिहून दिली जाते आणि तिच्यामागोमाग पीटी (प्रोथ्रॉम्बिन टाइम), आयएनआर (पीटीवरून काढलेला प्रमाणित आकडा), एपीटीटी (गोठण्याचा वेळ मोजणारी आणखी एक तपासणी) ही नावे येतात. हाती असलेल्या जुन्या मसुद्यात या सगळ्यांसाठी ‘रक्त गोठण्याची तपासणी’ एवढाच शब्दप्रयोग आहे. शिवाय त्यात कुठे ‘साकळणे’, कुठे ‘साखळणे’, तर कुठे ‘क्लथन’ असेही आढळते. हे शब्द समानार्थी मानावेत का, आणि नसल्यास कोणता कुठे वापरावा? ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ हा रूढ प्रयोग ठेवावा की टाळावा, याबद्दलही जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर १

आधी क्रियापदांकडे पाहू. ‘थिजणे’ हे थंडीशी बांधलेले आहे: हिवाळ्यात खोबरेल थिजते आणि ऊब मिळताच पुन्हा वाहू लागते. रक्ताचे तसे होत नाही. थ्रॉम्बिन या विकरामुळे रक्तातील फायब्रिनोजेन या प्रथिनाचे फायब्रिन तंतूंत रूपांतर होते, तेरावा घटक (रक्त गोठवणाऱ्या घटकांना असे क्रमांक दिलेले आहेत) त्या तंतूंना एकमेकांशी पक्के बांधतो आणि नंतर कितीही ऊब दिली तरी ते रक्त पूर्ववत होत नाही. म्हणून रक्ताच्या संदर्भात ‘थिजणे’ काव्यात शोभेल, पत्रिकेत नको. ‘गोठणे’ मुळात पाण्यालाही चालते आणि भीतीने माणसाचेही रक्त गोठते. तरीही वाचकाला ते तत्काळ कळते आणि नळीतल्या किंवा जखमेवरच्या रक्ताबद्दल बोलताना त्यातून गैरसमज होण्याचा संभव नाही.

‘साकळणे’ या क्रियापदात एका जागी जमण्याची छटा आहे. मुका मार लागला की कातडीखाली रक्त साकळते, डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त साकळते. म्हणजे वाहिनीबाहेर आलेले रक्त तिथे साचून दाट झालेले असते. ‘साकळणे’ आणि ‘साखळणे’ ही दोन्ही रूपे लेखनात दिसतात. फायब्रिनचे तंतू म्हणजे रेणूंच्या साखळ्याच असल्यामुळे ‘साखळी’शी नाते जोडण्याचा मोह होतो खरा, पण व्युत्पत्ती म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. कोणतेही एक रूप निवडून शेवटपर्यंत तेच ठेवावे. माझी पसंती ‘साकळणे’ला. ‘क्लथन’ परिभाषेपुरते ठीक आहे, पण रुग्णाच्या हाती जाणाऱ्या कागदावर त्याचे काम नाही.

उत्तर २

वरील विवेचन मान्य आहे, परंतु प्रयोगशाळेत काम करणारी व्यक्ती म्हणून मला खरी अडचण क्रियापदाच्या निवडीत दिसत नाही. जुन्या मसुद्यातली चूक अशी की, रक्त थांबणे आणि रक्त गोठणे या दोन घटना त्याने एकच मानल्या आहेत.

बीटीमध्ये कानाच्या पाळीला किंवा हाताला बारीक टोच देऊन रक्त येणे बंद होईपर्यंतचा वेळ मोजतात. इथे मुख्य काम प्लेटलेटचे असते. (पाठ्यपुस्तकांतला शब्द रक्तबिंबिका असला, तरी डेंग्यूच्या साथींमुळे ‘प्लेटलेट’ घरोघरी पोहोचला आहे, तोच ठेवावा.) प्लेटलेट छिद्रापाशी चिकटून तात्पुरते बूच तयार करतात, आणि तेवढ्याने टोचलेल्या जागेचे रक्त थांबते. सीटीमध्ये शिरेतून किंवा बोटातून घेतलेले रक्त काचेत ठेवून ते गोठेपर्यंतचा वेळ पाहतात. म्हणून बीटीला ‘रक्त थांबण्याचा वेळ’ आणि सीटीला ‘रक्त गोठण्याचा वेळ’ असे म्हणावे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. हीमोफिलियाच्या रुग्णाचा बीटी बहुधा सामान्य येतो, कारण त्याच्या प्लेटलेट शाबूत असतात. उणीव असते ती आठव्या किंवा नवव्या घटकाची. त्यामुळे किरकोळ खरचटल्यावर त्याचे रक्त इतरांसारखेच थांबू शकते, पण गुडघ्याच्या सांध्यात मात्र आपोआप रक्तस्राव होऊन सांधा सुजतो. ‘ज्यात रक्त थांबतच नाही असा आजार’ ही हीमोफिलियाची व्याख्या वाचून पालक सुईच्या टोचीला घाबरतात आणि सुजलेल्या गुडघ्याकडे दुर्लक्ष करतात. भरीस भर म्हणजे सौम्य हीमोफिलियात सीटीही सामान्य मर्यादेत येऊ शकतो. त्यामुळे ‘बीटी-सीटी चांगले आहे, म्हणजे रक्ताचा आजार नाही’ हे वाक्य पत्रिकेत कुठेही असू नये. पूर्वी दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त बेताबाहेर गेले होते का, घरात कोणाला तसा त्रास आहे का, ही विचारपूस त्या जोडीपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

पीटी आणि एपीटीटी या तपासण्या अखंड रक्तावर होत नाहीत. निळ्या बुचाच्या नळीत 3.2 टक्के सोडियम सायट्रेट असते आणि त्याच्या एका भागाला रक्ताचे नऊ भाग घ्यावे लागतात. सायट्रेट कॅल्शियमला अडवून ठेवते, त्यामुळे रक्त गोठत नाही. मग पेशी वेगळ्या करून उरलेल्या द्रवात कॅल्शियम व इतर अभिकर्मके घालून गोठण्याचे सेकंद मोजतात. नळी अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होऊन वेळ खोटाच लांबतो. जुन्या मसुद्यात या द्रवाला ‘रक्तरस’ म्हटले आहे, ते बदलावे. रक्तरस हा रक्त गोठून गेल्यावर सुटणारा द्रव असतो आणि त्यात फायब्रिनोजेन उरलेलेच नसते. मग त्यात गोठायचे काय? इथे हवा तो ‘रक्तद्रव’.

याहून महत्त्वाचे म्हणजे नळीतले गोठणे आणि शरीरातले गोठणे यांत कधी कधी टोकाची तफावत असते. जॉन हेगमन या अमेरिकी रेल्वे कामगाराचे रक्त शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत काचनळीत गोठता गोठत नव्हते. ऑस्कर रॅटनॉफ यांनी 1955 मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या रक्तात बारावा घटक नव्हता. तरीही त्याला रक्तस्रावाचा त्रास कधी झाला नव्हता, आणि पुढे 1968 मध्ये हाड मोडून अंथरुणाला खिळला असताना तो फुप्फुसात अडकलेल्या गुठळीने वारला. काचेच्या पृष्ठभागावर बाराव्या घटकाखेरीज गोठण्याची सुरुवात होत नाही, जखमेत मात्र ती होते. म्हणून एपीटीटी लांबला तर ‘नळीत रक्तद्रव गोठण्यास अधिक वेळ लागला’ एवढेच लिहावे; ‘आपले रक्त गोठत नाही’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे आणि तो काढणे डॉक्टरांवर सोडावे.

‘ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’ (काहींच्या रक्तात आढळणारी प्रतिपिंडे) हे नाव तर कोणीही शब्दशः मराठीत आणू नये. त्याचे ‘ल्युपस क्लथनरोधक’ केले की रुग्णाला वाटते, आपल्या अंगात रक्त गोठू न देणारे काहीतरी आहे. वास्तविक ती प्रतिपिंडे नळीतल्या फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाला धरून बसतात म्हणून तिथला वेळ वाढतो. शरीरात मात्र त्यांच्यामुळे गुठळ्या होण्याचा, तसेच वारंवार गर्भपात होण्याचा धोका वाढतो. अशी शंका आली की रुग्णाच्या रक्तद्रवात निरोगी रक्तद्रव समप्रमाणात मिसळून वेळ पुन्हा मोजतात. वेळ सुधारला तर घटकाची उणीव असावी, न सुधारल्यास काहीतरी अडथळा आणत असावे. या मिश्रण चाचणीला ‘मिसळून पाहण्याची चाचणी’ म्हटले तरी माझी हरकत नाही.

उत्तर ३

‘रक्त पातळ करण्याची गोळी’ हा प्रयोग आता हटणार नाही, पण त्याच्या शेजारी एक वाक्य अवश्य असावे. या गोळ्यांनी रक्ताचा दाटपणा बदलत नाही. वॉरफरिन आणि असिनोकुमारॉल ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणून दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक कमी करतात. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटना एकत्र चिकटू देत नाहीत. बोलीत दोन्हींना एकच नाव असल्यामुळे अ‍ॅस्पिरिन घेणारा गृहस्थ आयएनआर करून येतो, तो 1 च्या, म्हणजे सामान्य आकड्याच्या, आसपास आल्याचे पाहतो आणि गोळी लागू पडत नाही असा समज करून घेतो. पहिल्या गटासाठी ‘गोठण्याची गती मंदावणारी गोळी’ आणि दुसऱ्यासाठी ‘प्लेटलेट चिकटू न देणारी गोळी’ असे म्हणावे, असे सुचवतो.

आयएनआरबद्दल ‘वाढला’ आणि ‘कमी झाला’ हे शब्द एकटे सोडू नयेत. वाढला म्हणजे रक्त दाट झाले, असा अर्थ लावणारे अनेक जण भेटतात. आकडा वाढला की गोठणे मंदावते. असिनोकुमारॉल घेणाऱ्या बहुतेकांसाठी 2 ते 3 ही अपेक्षित मर्यादा असते, मात्र हृदयातील काही कृत्रिम झडपांसाठी ती याहून वर ठेवतात.

उत्तर ४

घोणस आणि फुरसे चावल्यावर खेड्यापाड्यांतील आरोग्य केंद्रांत होणारी वीस मिनिटांची चाचणीही पत्रिकेत घ्यावी. स्वच्छ, कोरड्या काचनळीत साधारण 2 मिलिलीटर रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग एकदाच कलती करतात. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकची चालत नाही. कारण वर उत्तर २ मध्ये सूचित झालेच आहे: काचेचा पृष्ठभाग गोठण्याची सुरुवात करून देतो. शब्दांच्या दृष्टीने गंमत अशी की या सापांचे विष रक्त गोठवण्याची क्रिया भडकवते: घोणशीचे विष दहाव्या घटकाला चेतवते, फुरशाचे थेट प्रोथ्रॉम्बिनला, म्हणजे थ्रॉम्बिनच्या पूर्वरूपाला. त्यात फायब्रिनोजेन खर्च होऊन जाते आणि मग नळीतले रक्त गोठत नाही. तेव्हा ‘विषाने रक्त गोठते’ आणि ‘विषाने रक्त गोठेनासे होते’ ही दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. जाता जाता, घोणशीचे तेच विष विरल करून ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट ओळखण्याच्या चाचणीत वापरतात.

मूळ विचारणाऱ्याकडून

सर्वांचे आभार. बीटी व सीटीची नावे सुचवल्याप्रमाणे बदलली आहेत आणि ‘रक्तरस’ही काढला आहे. एक शंका उरते. मासिक पाळीसंबंधीच्या प्रश्नावलीत जुन्या मसुद्यात ‘गुठळ्या पडतात का?’ असे आहे. तिथे स्त्रिया सहसा ‘गाठी’ म्हणतात. ‘गाठी’ ठेवावे का?

उत्तर ५

प्रश्नावलीत ‘गाठी’च ठेवावे. उत्तर देणारीला ज्या शब्दाने प्रश्न कळतो, तोच तिथे योग्य. मात्र वाक्य ‘पाळीच्या रक्तात गाठी पडतात का?’ असे पूर्ण लिहावे, म्हणजे स्तनातील किंवा गर्भाशयातील गाठीशी घोटाळा होणार नाही. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात झालेल्या गाठीला मात्र सर्वत्र ‘गुठळी’ म्हणावे, कारण अहवालात ‘पायात गाठ’ असे वाचले की रुग्णाच्या मनात पहिली शंका कर्करोगाची येते. त्याच प्रश्नावलीत ‘नाकातून रक्तस्राव होतो का?’ याऐवजी ‘घोळणा वारंवार फुटतो का?’ असे विचारून पाहावे, आणि पुढे तो थांबायला किती मिनिटे लागतात तेही.