मदत हवी आहे: रेंज ट्रेकसाठी फ्रेमवाली सॅक, बजेट ५ हजार

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात रतनगड ते हरिश्चंद्रगड करायचं चाललंय. रतनवाडीतून रतनगड, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, वर गडावर मुक्काम आणि टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचं. एका दिवसाचे ट्रेक आजवर कॉलेजच्या सॅकवर निभावले. यावेळी तंबू, शिधा, भांडी सगळं आमचं आम्हीच वाहणार. माझ्या वाटणीला स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, अर्धा तंबू आणि तीन लिटर पाणी धरून दहा-अकरा किलो येतील. माझी उंची ५ फूट १ इंच, वजन ५२ किलो.

दुकानात दोन-तीन सॅक पाठीला लावून बघितल्या. रिकाम्या असताना सगळ्याच छान वाटतात! पण कमरपट्टा आवळला की तो हाडावर न राहता खाली घसरतो आणि सगळा भार पुन्हा खांद्यांवर. विक्रेता म्हणतो, "वापरून वापरून बसेल." बसेल का खरंच?

शिवाय ५० लिटर घ्यावी की ६०? जाळीची, हवा खेळणारी पाठ घ्यावी का? आणि दोन हजारांच्या सॅकवरही 'इंटर्नल फ्रेम' लिहिलेलं असतं, त्यात तथ्य किती?

– अनुजा

घाटवाट: नाही बसणार. सॅक तुमच्या पाठीला लांब होतेय. आधी पाठ मोजा, लिटर नंतर. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड टोचतं तिथून टेप सोडायचा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवायचे, अंगठे मागे. अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचं माप. स्वतःचं स्वतः मोजू नका, घरच्या कुणाला तरी सांगा. उंचीवरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही, सारख्या उंचीच्या दोघांच्या पाठीत दोन इंचांचा फरक सहज असतो.

फ्रेमचं म्हणाल तर रिकामी सॅक जमिनीवर उभी करा आणि वरून तळव्याने दाबा. मटकन बसली तर आत नुसता फोम आहे, लेबल काहीही म्हणो. खऱ्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा सळ्या असतात, बऱ्याचदा सोबत प्लास्टिकची शीट. भार कमरेवर पोचवतात त्या याच.

कातळवेडा: जाळीची पाठ सपाट रस्त्याला झकास. पण जाळीमुळे सामान पाठीपासून लांब राहतं आणि तोल मागे जातो. रतनगडाच्या शिड्यांवर आणि टोलार खिंडीच्या वरच्या कातळावर ते जाणवतं. मी तरी पाठीला चिकटणारी घेईन. घाम काय, तसाही येतोच.

५० पुरे. ६० घेतली की ती भरली जाते, हा माणसाचा स्वभाव आहे. कॅरीमॅट बाहेर बांधायचीच असेल तर उभी बांधा, आडवी बांधली की कारवीच्या झुडपांत अडकते.

अनुजा: भावाकडून मोजून घेतलं, साडेपंधरा इंच! म्हणजे पुरुषांच्या सॅक बादच झाल्या म्हणायच्या. बजेटमध्ये काय बघू?

घाटवाट: सरसकट बाद नाहीत. पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी बघा. डेकॅथलॉनच्या फोरक्लाझ या ट्रेकिंग ब्रँडमध्ये 'इझीफिट' नावाने तशा मिळतात, बायकांसाठी वेगळ्याही असतात. खांद्याचे पट्टे सगळ्यात खाली आणून लावून बघा. ट्रायपोल, ट्रॉवॉक या कंपन्यांच्याही या बजेटमध्ये मिळतील, पण ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची सोय बघूनच.

दुकानात जाताना पाण्याच्या एक लिटरच्या भरलेल्या आठ-दहा बाटल्या न्या, तेवढेच किलो होतात. सगळे पट्टे सैल सोडा, आधी कमरपट्टा हाडावर बसवून आवळा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी खांद्यावरचे छोटे पट्टे हलके ओढा. आता खांदा आणि पट्टा यांच्यामध्ये बोटं सरकवा. वर फट राहत असेल तर सॅक लांबच आहे. जमलं तर पंधरा-वीस मिनिटं दुकानातच फिरा, जिना असेल तर चढा-उतरा. विक्रेता वैतागला तर वैतागू दे.

कातळवेडा: आणि रेन कव्हर सोबत आलं नाही म्हणून चांगली सॅक सोडू नका. पाठीकडून पाणी उतरतं ते कव्हर थांबवत नाही. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, कपडे आणि स्लीपिंग बॅग त्यात. डिसेंबरात पाऊस नसला तरी दवाने सगळं ओलं होतं.

अनुजा: शनिवारी बाटल्या घेऊन जातेय. दोन पसंत पडल्या तर फोटो टाकते, कमरपट्टा कुठे बसतोय ते बघून सांगा.