गन्सल : यात 'गन' कुठे आहे?

जुन्या ब्लॅक अँड व्हाइट अमेरिकन गुंडांच्या पिक्चरमध्ये 'गन्सल' ऐकला, डिक्शनरीत अर्थ दिलाय बंदूकवाला गुंड. म्हणजे गन वरून आलाय का? आणि वेस्टर्न पिक्चरमधल्या बंदूकबाजांना पण हेच म्हणायचे का?

----

नाही हो, मुळात गनचा काही संबंधच नाही. यिडिशमध्ये (युरोपातल्या ज्यू लोकांची भाषा) गेंडझल म्हणजे गूजचं पिल्लू, आणि जर्मन गान्स, इंग्रजी गूज आणि आपला संस्कृत हंस हे सगळे एकाच मुळातले, म्हणजे हा गुंड लांबून हंसाचा नातेवाईक लागतो :) अमेरिकेत रेल्वेवर फुकट फिरणारे भटके लोक असायचे त्यांच्या बोलीत १९१० च्या दशकात हा शब्द सापडतो, अर्थ मात्र वाईट, मोठ्या भटक्याने सोबत ठेवलेला कोवळा पोरगा, आणि तो कशासाठी ठेवायचे ते समजून घ्या. मग रहस्यकथा लेखक डॅशिएल हॅमेटने १९२९ मध्ये 'माल्टीज फाल्कन' ही कादंबरी ब्लॅक मास्क मासिकात क्रमशः लिहिली त्यात एका पिस्तूलवाल्या पोरासाठी हाच शब्द घातला. मासिकाचा संपादक जोसेफ शॉ अश्लील शब्दांच्या बाबतीत कडक. किस्सा असा सांगतात की हॅमेटने मुद्दाम शेजारी 'गूजबेरी ले' असा चावट वाटणारा पण साधा शब्द ठेवला (अर्थ फक्त दोरीवरचे वाळत घातलेले कपडे चोरणे), शॉ त्याच्यावर अडून बसला आणि गन्सल मात्र बंदूकवाला समजून सोडून दिला. किस्सा थोडा रंगवलेला असेल, पण शब्द छापला गेला हे खरंच. तिच्यावरच्या १९४१ च्या पिक्चरमध्ये हिरो हम्फ्री बोगार्टच्या तोंडी पण तोच शब्द आहे, सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून. मग वाचणाऱ्या-बघणाऱ्यांनीही शॉसारखाच अर्थ लावला आणि आता डिक्शनरीत दोन्ही अर्थ आहेत.

----

भारी! आपल्या बंबैय्यात पिस्तुलाला घोडा म्हणतात, तिकडे हंस. पण घोड्याचं सरळ आहे, बंदुकीच्या खटक्याला मराठीत आधीपासून घोडाच म्हणतात, त्यावरून अख्ख्या पिस्तुलालाच नाव पडलं असणार. वेस्टर्नचं राहिलंच की पण

----

हो ते राहिलं. तिकडे गन्सल चालत नाही. १८७०-८० च्या आसपास 'शूटिस्ट' म्हणायचे, टेक्सास-न्यू मेक्सिकोचा बंदूकबाज क्ले अ‍ॅलिसन स्वतःला तेच म्हणवून घ्यायचा म्हणतात. बॅट मास्टरसन या त्या काळातल्याच एका बंदूकबाजाने १९०७ मध्ये या मंडळींवर लेख लिहिले त्यात 'गनफायटर' आहे. आणि आपण सगळे जो वापरतो तो 'गनस्लिंगर' पिक्चर आणि कादंबऱ्यांमुळे १९२० नंतर रुळला, तोवर ते खरे बंदूकबाज बहुतेक मेलेले होते.