सहा महिने सूचौला जातोय, चिनी कुठून सुरू करू?

चाकणचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर कंपनी मला सहा महिने सूचौला धाडतेय, शांघायपासून जलद रेल्वेने अर्ध्या तासावर. काम मशीन-खरेदीचं, दुभाष्या फक्त मीटिंगपुरता. हातात तीन महिने आहेत. ॲपवर सुरुवात केली, पण ती 'क्यू', 'झेड', 'एक्स'वाली स्पेलिंगं बघूनच जीभ अडखळते. लिपी शिकू की नुसतं बोलणं? शिवाय मी शाकाहारी.

बिनसाखरेचा
कशाला डोकं शिणवताय? फोनवर भाषांतर होतं. मी ग्वांगचौची दोन प्रदर्शनं त्यावरच काढली.

मुठाकाठ_ते_शांघाय
प्रदर्शनात समोरच्याला माल खपवायचा असतो हो, तो तुमचं सगळं समजून घेतो. सहा महिने राहायचं तर तोंड उघडावंच लागतं. मी चार वर्षं काढली आहेत.

पहिलं म्हणजे ती स्पेलिंगं इंग्रजीसारखी वाचू नका. ती पिनयिन, 1958 साली चिनी उच्चारांसाठीच लागू झालेली. त्यातल्या बऱ्याच आवाजांना आपल्याकडे अक्षरं आहेत. 'बी' लिहिलं की प, 'पी' लिहिलं की फ (ओठ मिटून, फळातला). 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. बीजिंगला तिथे पेय-चिंग म्हणतात ते यामुळेच. आणि आपले दोन च इथे कामी येतात: 'झेड' म्हणजे चाकातला, 'जे' म्हणजे चिमणीतला. 'क्यू' छ च्या जवळ, 'एक्स' श च्या. 'झेड-एच' मात्र आपल्याकडे नाही; जीभ ट च्या जागी नेऊन च म्हणून बघा.

दुसरं, सूर. पहिला वरच्या पट्टीत सपाट धरायचा, दुसरा 'अँ?' विचारताना चढतो तसा, तिसरा नाराजीच्या 'हंऽ'सारखा खाली बसलेला, चौथा 'बस!' म्हणून आपटलेला. तुम्ही खरेदीतले, म्हणून सांगते: 'माय' तिसऱ्या सुरात म्हणजे विकत घेणं, चौथ्यात म्हणजे विकणं. पहिल्याच महिन्यात मी भाजीवालीला ठणकावून सांगितलं की मी टोमॅटो विकते. तिने बिचारीने माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं.

बिनसाखरेचा
😂 बरं, हरलो.

कोबी_विथ_नूडल्स
खाण्याचं मी सांगतो, तिथे उपाशी झोपलोय. 'रौ' म्हणजे मांस, पण नुसतं रौ म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात डुकराचं येतं. 'रौ नको' म्हटल्यावर मला कोळंबी आली होती. म्हणून 'वो छ्र सू', मी शाकाहारी आहे, हे घोकाच (हा सू चौथ्या सुरातला, सूचौमधला पहिल्या). तरी रस्सा कशाचा ते विचारायचं. बौद्ध देवळांच्या आसपास शाकाहारी खाणावळी सापडतात. पाटीवरचं सू चं अक्षर ओळखायला शिका, जीव वाचतो.

मुठाकाठ_ते_शांघाय
लिपीचं तेच. सगळी नको, पाट्यांपुरती शिका. रिकामा चौकोन म्हणजे तोंड, दार. 'बाहेर' एकावर एक दोन डोंगर रचल्यासारखं दिसतं. त्यापुढे चौकोन आला की बाहेरचा रस्ता. प्लेको नावाचा शब्दकोश फोनवर घ्या, अक्षर बोटाने काढलं तरी शोधून देतो.

माणसांशी वागणं मात्र आपल्याला परकं वाटत नाही. शेजारच्या आजी रोज विचारायच्या, 'छ्र ल मा?' म्हणजे जेवलीस का? 'जेवले' म्हणायचं आणि पुढे जायचं. निरोपाला 'मान चौ', सावकाश जा. मावशीला 'आयी', आणि अनोळखी मध्यमवयीन बाईलाही आयीच. मामा वेगळा, आत्या वेगळी, बापाचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा. ड्रायव्हरला 'श्र-फू' म्हणा, म्हणजे उस्ताद.

चाकणचा_पाहुणा
काल घरी 'माय, माय' घोकत होतो, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, काय रे? एकच शेवटचं: तिथल्या साहेबांना भेट म्हणून छानसं भिंतीवरचं घड्याळ घेतलंय.

मुठाकाठ_ते_शांघाय
परत करा! 'घड्याळ भेट देणं' आणि 'अखेरच्या घटकेला सोबत करणं' यांचा उच्चार तिथे अगदी एकच. काजू न्या. फक्त पाकिटं चार नकोत, चारचा उच्चारही मरणाच्या जवळचा आहे.