टक्का अवयवाचा, कामाचा नाही

अपंगत्व पेन्शनच्या चर्चेत ‘दाखल्यावर ६० टक्के अपंगत्व म्हणजे ४० टक्के काम जमेलच’ असा हिशोब कुणी मांडला, तो काही पटला नाही. पाय अधू असलेला माणूस अकाउंट्सचं काम दिवसभर रेटेल. पाठीच्या दुखण्याचा माणूस दिसायला धडधाकट, पण तासाभरात आडवा. ऑस्ट्रेलियात अपंगत्वामुळे रोजच्या कामांवर किती परिणाम होतो याला गुण देतात; अपंगत्व पेन्शनला सहसा असे २० गुण लागतात, शिवाय आठवड्याला १५ तास काम झेपेल का तेही बघतात. तास मोजणं मला जास्त रास्त वाटतं. (तपासणीच्या दिवशीच नेमकं बरं वाटत असेल तर घोळ आहेच.) आणि काम झेपेल म्हणून नोकरी शोधून देणाऱ्या रोजगार सेवेकडे पाठवताना पेन्शन बंद व्हायची टांगती तलवार असेल, तर ‘एवढं जमतं मला’ असं मोकळेपणाने कोण सांगेल?